जुन्या वाड्यात नवं ऑफिस: सोलापुरात पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

सोलापुरात ऊन जास्त, पाऊस कमी. तरीही इथले जुने वाडे पडतात ते पाण्यानेच. माळवदावरचं, म्हणजे मातीच्या सपाट छपरावरचं, गवत दोन-चार वर्षं कुणी उपटलं नाही, पन्हळ तुंबली, तुळईचं भिंतीतलं टोक भिजत राहिलं आणि एखाद्या श्रावणात रात्रीतून अर्धं माजघर खाली आलं. कसब्यात, बाळीवेशीत, शुक्रवार पेठेत कुणालाही विचारा, आपल्या गल्लीतलं एखादं तरी घर बोट दाखवून सांगेल.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. जुन्या घरांच्या दुरुस्तीचीच कामं जास्त करतो आणि माझं स्वतःचं ऑफिस आत्याच्या वाड्यात आहे. अलीकडे तरुण मुलं-मुली येऊन विचारतात. कुणाला सॉफ्टवेअरचं काम सुरू करायचंय, कुणाला सीएची प्रॅक्टिस, कुणाला गणवेशाच्या कारखान्यासाठी गावात विक्री कार्यालय हवंय. घरचा वाडा कुलूप लावून पडलेला असतो. बाहेरचा प्रत्येक जण सांगतो, पाडा आणि स्लॅब टाका. त्यांना मी समोर बसवून जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितो आहे. सगळ्या कामात दोनच गोष्टी धरून ठेवा: पाणी इमारतीबाहेर काढायचं आणि इमारतीवर वजन वाढवायचं नाही. पुढे कुठेही अडलात तर याच दोन प्रश्नांकडे परत या.

जुन्या वास्तूत कचेरी थाटणं या गावाला नवीन नाही. आप्पासाहेब वारदांनी उभारलेल्या इंद्रभुवनात महापालिकेचा कारभार चालत आला आहे. तिथे एकदा कामाशिवाय जाऊन या. खोल्यांची उंची, खिडक्यांच्या कमानी, व्हरांड्याची सावली नीट बघा. जुनी वास्तू ऑफिस म्हणून कशी वागते, हे तिथे चालताना पायाला कळतं.

पहिली पायरी: आपल्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा

सोलापुरात जुन्या इमारती ढोबळ मानाने दोन प्रकारच्या सापडतात. पहिला प्रकार जुन्या पेठांमधल्या वाड्यांचा. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, आत मातीचा गारा, लाकडी खांब आणि वर माळवद. दुसरा प्रकार गिरण्यांच्या काळातला. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, जिला आपण पुढे जुनी मिल म्हणू लागलो. त्यानंतर पैसा आला, रेल्वेने माल येऊ लागला आणि चुन्यातलं बांधकाम, मंगळुरी कौलं, लोखंडी गर्डर अशी घरं उभी राहिली. काही ठिकाणी दोन गर्डरांच्या मध्ये विटांची बसकी कमान घालून वरचा मजला केलेला दिसतो, त्याला जॅक आर्च म्हणतात.

हे आधी ओळखायचं कारण म्हणजे दोन्हींचे आजार वेगळे. वाड्यात माती धुपते, लाकडाला वाळवी लागते आणि भिंतीला पोट सुटतं. गर्डरच्या इमारतीत लोखंड गंजतं, गंजून फुगतं आणि खालच्या विटा सुटतात. पुष्कळ घरांत दोन्ही प्रकार एकत्र असतात, कारण आजोबांनी मागची बाजू वाढवलेली असते. नव्या-जुन्याचा जोड जिथे येतो तिथेच तडा असतो. तो जोड शोधून नकाशावर लाल रेघ मारा.

दुसरी पायरी: कागद

कंटाळवाणं काम आहे, पण इथेच निम्मी स्वप्नं अडतात. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा आणि त्यावर आज कुणाकुणाची नावं आहेत ते वाचा. पणजोबांचं नाव तसंच असेल तर आधी वारस नोंद. चुलत्यांची, आत्यांची, मुंबई-पुण्याला स्थायिक झालेल्या भावंडांची लेखी संमती कामाला हात लावण्याआधी घ्या. तोंडी ‘कर की बाबा’ म्हणणारा भाऊ भिंती रंगवून झाल्यावर वाटणी मागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एखाद्या खोलीत जुना भाडेकरू असेल तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्याला संरक्षण असू शकतं. त्याच्याशी भांडण्याआधी वकिलाशी बोला.

मग महापालिकेत तीन गोष्टी विचारा. इमारत वारसा यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत. राहत्या घराचा वापर बदलून तिथे कार्यालय चालेल का. आणि दुरुस्तीसाठी कोणती परवानगी लागेल. २०२० साली आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वापर ठरवताना रस्त्याची रुंदी बघतात, आणि आपल्या गल्ल्या अरुंद. त्यामुळे हा प्रश्न जागा ठरवण्याआधीच सोडवा.

किल्ल्याच्या आसपास घर असेल तर आणखी एक पाऊल. भुईकोट किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही, पण १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी रीतसर अर्ज करून परवानगी मिळू शकते. म्हणून जुनी घरपट्टी पावती, जुना वीज जोडणीचा कागद, जुना फोटो असं जे हाती लागेल ते जपून ठेवा. इमारतीचं वय सिद्ध करायला हेच कामी येतं.

तिसरी पायरी: एक पावसाळा थांबा

हे ऐकून सगळे नाराज होतात. तरी मी आग्रह सोडत नाही.

आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरचं जोतं वर्षभर श्वास घेतल्यासारखं हलतं. मे महिन्यात दिसणारा तडा जिवंत आहे की पन्नास वर्षांपूर्वीच थांबलेला, हे एका भेटीत कुणालाच सांगता येत नाही. उपाय साधा आहे. तड्यावर आडवी पातळ काचपट्टी प्लास्टरच्या दोन ठिपक्यांनी चिकटवा, शेजारी तारीख लिहा आणि सोडून द्या. पट्टी फुटली तर भिंत हलतेय. वर्षभराने सगळ्या पट्ट्या शाबूत असतील तर तडा नुसता भरायचा असतो, त्यासाठी पाया खणायची गरज नसते. या एका काचपट्टीने काही लाखांचं काम वाचलेलं मी बघितलंय.

पाऊस चालू असताना छत्री घेऊन वाड्यात जा. उन्हात केलेल्या दहा पाहण्या एका पावसाळी तासाची बरोबरी करत नाहीत. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, चौकातलं पाणी किती वेळात निघून जातं, शेजारच्या गच्चीचा पाइप आपल्या भिंतीवर सुटलाय का, सगळं लिहून ठेवा.

याच काळात मोजमाप करून घ्या. प्रत्येक खण, प्रत्येक खांब, प्रत्येक कोनाडा. वाड्यात काटकोन क्वचितच सापडतो, म्हणून खोलीचे कर्णही मोजा. फोटो काढताना शेजारी पट्टी धरा. दारं, चौकटी, कोरीव हस्त (खांबावरचे लाकडी आधार) यांना क्रमांक द्या आणि तोच क्रमांक नकाशावर लिहा. काम सुरू झाल्यावर सुतार एकाच दिवशी अकरा चौकटी उतरवतो, तेव्हा कुठली कुठे होती हे आठवणीने सांगता येत नाही.

लाकूड तपासायला महागडं यंत्र लागत नाही. लहान हातोडीने ठोका, भरीव साग खणखणीत बोलतो, पोकळ लाकूड बद्द वाजतं. मग एक टोकदार आरी (चांभाराची असते तशी) घेऊन तुळईचं भिंतीत शिरणारं टोक टोचा. आरी सहज दोन इंच गेली तर ते टोक संपलं. मधला भाग कितीही छान दिसत असला तरी टोकं बघितल्याशिवाय तुळई चांगली म्हणू नका, कारण लाकूड कुजायला सुरुवात तिथूनच होते.

चौथी पायरी: आधी पाणी

दुरुस्तीचा पहिला रुपया माळवदावर आणि गटारावर खर्च व्हायला हवा. रंग, फर्निचर, नावाची पाटी हे सगळं शेवटी.

माळवद म्हणजे तुळईवर कड्या (आडवी बारीक लाकडं), कड्यांवर किलच (लाकडाच्या चिरफळ्या) किंवा पाट, त्यावर पाल्याचा थर आणि वर पांढरी माती. थंडाव्याला याच्यासारखं छप्पर नाही. पण पूर्वी दरवर्षी गळती दिसली की वर आणखी माती टाकायची पद्धत होती. जुनी काढायची नाही, नवी टाकायची. अशी पिढ्यांची माती साठते. आत्याच्या वाड्यात मधल्या खोलीवर खोदून बघितलं तर सव्वा फुटाच्या वर माती निघाली. हिशेब करून बघा: दहा बाय बाराच्या खोलीवर नुसता एक फूट मातीचा थर म्हणजे सुमारे पाच टन वजन, आणि ते भिजलं की आणखी जड. खाली आपण टेबल मांडून बसणार.

म्हणून खालून टेकू देऊन माती उतरवा. थोडी-थोडी, दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणजे तुळईवर एका अंगाने भार येणार नाही. कड्या तपासा, किलच बदला. मग सहा ते आठ इंचांपेक्षा जास्त जाड होणार नाही असा थर पुन्हा करा. त्यात जलरोधक पडदा घाला, वर चुना-मातीचा कोबा घाला आणि पन्हळीकडे स्पष्ट उतार ठेवा. पाणी भिंतीच्या तोंडावरून ओघळू नये म्हणून पन्हळ भिंतीपासून हातभर बाहेर हवी. उजेडासाठीचं जुनं साणं (छपरातलं झरोक्यासारखं भोक) बुजवू नका, त्यावर कडेने नीट बसवलेली काच घाला. माझ्या टेबलावर सकाळी दहा ते बारा त्या साण्यातून उजेड येतो, दिवा लावावा लागत नाही.

खाली जोत्याशी पाणी साचू देऊ नका. गेल्या काही दशकांत रस्त्यावर थरावर थर चढून रस्ता उंच झालाय आणि वाड्याचा उंबरा खाली गेलाय. पावसाचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी येतं. बाहेरून जोत्यालगत चर काढून खडी भरा, पाणी वाट काढून गटाराला मिळेल असं करा. चौकाच्या पाण्यासाठी जुनी दगडी मोरी असते, ती बहुतेक वेळा नुसती गाळाने बुजलेली असते. घरात आड असेल तर गाळणी करून चौकाचं पाणी त्यात सोडा. उन्हाळ्यात तेच उपयोगाला येतं.

पाचवी पायरी: भिंती, आणि किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागातल्या माझ्या वयाच्या कुणालाही विसरता येणार नाही. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती आणि किल्लारी, सास्तूर परिसरातली घरं भूकंपात झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. ती घरं आपल्या वाड्यांसारखीच होती: मातीच्या गाऱ्यातले गोटे, जाड भिंती, वर जड माळवद.

ती घरं का पडली हे समजून घेतल्याशिवाय जुन्या दगडी भिंतीखाली दहा माणसांना आठ तास बसवू नका. अशी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण आत दोन पाकं असतात. बाहेरचं एक, आतलं एक, मध्ये बारीक दगड आणि माती. पाणी मुरलं की मधली माती खाली बसते आणि दोन्ही पाकं एकमेकांपासून सुटतात. भिंतीला पोट येतं ते यामुळे. हादरा बसला की बाहेरचं पाक बाहेर आणि आतलं आत पडतं. यावर खरा इलाज म्हणजे दोन्ही पाकांना बांधणारे आरपार दगड. भारतीय मानकात नव्या दगडी भिंतीसाठी दर ६०० मिलिमीटर उंचीला आणि आडवे जास्तीत जास्त १.२ मीटरवर असे दगड सांगितले आहेत. जुन्या गवंड्यांनी ते घातलेले असतील तर भिंत नशीबवान.

नसतील तर नंतरही घालता येतात. भिंतीतला एक-एक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करायचं, त्यात न गंजणारी सळई घालून भरायचं आणि दोन्ही तोंडांवर दगड पुन्हा बसवायचे. एका दिवसात एका भिंतीत मोजकीच भोकं करा, शेजारी-शेजारी कधीच नको. भिंतीच्या माथ्यावर, माळवदाच्या खाली, चारही बाजूंनी एक पट्टा बांधून घ्या, म्हणजे चार भिंती एका पेटीसारख्या वागतात. हे काम जुन्या दगड-लाकडाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशावरच करा. फक्त आरसीसी केलेला माणूस कितीही हुशार असला तरी त्याला हे काम देऊ नका.

पोट आलेला भाग ठोकून आत ढकलायचा प्रयत्न करू नका. टेकू द्या, तेवढा भाग उतरवा, त्याच दगडांनी पुन्हा रचा.

सहावी पायरी: सिमेंट ठेवा बाजूला, चुना आणा

माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या एका कामात भिंतीचा खालचा तीन फुटांचा भाग ओलसर होता. मालकांना घाई होती, मलाही अनुभव कमी. सिमेंटचं गुळगुळीत प्लास्टर करून दिलं, सगळे खूश झाले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओल त्या तीन फुटांच्या वर चढून सहा फुटांवर पोचली. प्लास्टर ठोकलं तर पोकळ वाजत होतं. मागून दगडाच्या सांध्यांतली माती पीठ होऊन गळत होती आणि वर सगळीकडे पांढरा लोणा (क्षारांचा थर) फुटला होता. दगडी भिंत जमिनीतलं पाणी थोडं-थोडं वर ओढते आणि अंगातून हवेत सोडते. सिमेंटने मी तिचं अंग बंद केलं, मग पाणी जिथे वाट मिळेल तिथे गेलं. ते सगळं प्लास्टर स्वतःच्या खर्चाने काढून दिलं आणि तेव्हापासून जुन्या भिंतीला सिमेंट लावलेलं नाही.

चुन्याचं काम शिकायला वेळ लागतो, पण अवघड नाही. भाजलेल्या चुन्याचे खडे आणा आणि पिंपात आधी पाणी घेऊन त्यात हळूहळू सोडा. खड्यांवर वरून पाणी ओतायचं नाही, चुना उसळतो. पाणी अक्षरशः उकळायला लागतं, म्हणून चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. निवलेला चुना गाळून पाण्याखाली निदान पंधरा दिवस मुरू द्या. महिनाभर मुरला तर आणखी चांगला, लोण्यासारखा होतो. विझवायला आणि कालवायला बोअरचं जड पाणी वापरू नका, त्यातले क्षार भिंतीत जातात आणि पुन्हा लोणा फुटतो.

माल करताना एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग धुतलेली वाळू असं प्रमाण मी बहुतेक ठिकाणी धरतो. सुरखी म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटांची पूड. तिच्यामुळे चुना ओलीतही घट्ट होतो. पूर्वी बैलाच्या घाण्यावर हे दळायचे, आता रोलरच्या यंत्रात दळून घेतलं तरी चालतं, पण दळायला हवंच. नुसतं फावड्याने कालवलेल्या मालाला ती चिकटाई येत नाही. माझ्याकडचे गवंडीकाका थापीवर माल घेऊन थापी उलटी करतात. माल पडला नाही तरच भिंतीकडे वळतात, पडला तर मशीनवाल्याला परत दळायला लावतात. गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायची रीतही आहे, पण मूळ चुना कच्चा असेल तर गुळाने तो सुधारत नाही.

सांधे भरताना जुना मोकळा गारा दोन-तीन इंच खोलपर्यंत काढा, पाणी मारून ओलं करा आणि मगच भरा. नंतर ओलं गोणपाट टांगून दोन-तीन आठवडे ओलावा टिकवा. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये चुन्याचं काम घेऊ नका. आपल्या उन्हात चुना घट्ट होण्याआधी सुकतो आणि हाताने चोळला तर पीठ निघतं. दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंतचे महिने यासाठी सोन्यासारखे. रंगही चुन्याचाच द्या. प्लास्टिक पेंट लावलात तर भिंतीचं अंग पुन्हा बंद.

लाकडाबद्दल थोडक्यात. कुजलेली तुळई अख्खी फेकू नका. कुजलेलं टोक कापून त्या जागी जुन्याच सागाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडता येतो, गरज पडल्यास दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या. पाडलेल्या घरांचं जुनं लाकूड बाजारात मिळतं, ते नव्या ओल्या लाकडापेक्षा कितीतरी पटीने चांगलं. वाळवीसाठी बोरॅक्स-बोरिकचं पाणी पाजा. भिंतीत शिरणाऱ्या टोकाभोवती हवा खेळेल एवढी फट सोडा.

सातवी पायरी: ऑफिस वाड्यात बसवा

आता वजनाचा प्रश्न. राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरून मोजतात, ऑफिसला २५० आणि फायलींची खोली असेल तर ५०० पर्यंत. वाड्याचा वरचा मजला राहण्यासाठी बांधलेला. तेव्हा फायलींची कपाटं, सर्व्हर, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, झेरॉक्स मशीन, सगळं तळमजल्यावर. वर फक्त माणसं, लॅपटॉप आणि हलकी टेबलं. पाण्याची टाकी माळवदावर ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि साठवण लागतेच. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन. ती मागच्या परसात स्वतंत्र लोखंडी चौथऱ्यावर ठेवा.

संडास-बाथरूम आणि चहाची मोरी जुन्या खोल्यांत घुसवू नका. मागच्या अंगाला वेगळी छोटी इमारत करा, वाड्यापासून वीतभर सुटी. पाण्याची गळती झालीच तर ती नव्या भिंतीत होईल.

वीज. जुन्या भिंती खोदून वायर लपवू नका. तुळईच्या कडेने, चौकटीच्या वरून लोखंडी नळीतून उघडी वायरिंग करा. सरळ रेषेत नीट केली तर ती छान दिसते आणि दुरुस्तीही सोपी. वायर नवी, भार व्यावसायिक म्हणून मंजूर करून घेतलेला, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच प्रत्येक मजल्याला आणि अर्थिंग स्वतंत्र. लाकडी वाड्यात आग विजेनेच लागते, इथे पैसे वाचवू नका. वरून उतरायला दुसरा जिना द्या. अरुंद, उभा लाकडी जिना एकटा पुरत नाही. अग्निशमन दलाच्या माणसाला नकाशा दाखवून त्याचं म्हणणं आधीच ऐका.

एसी लावण्याआधी एक उन्हाळा जाड भिंतींना संधी द्या. दगडी भिंत दिवसभराचं ऊन सावकाश आत येऊ देते, त्यामुळे बाहेर रस्ता तापलेला असताना आत बसवतं. पहाटे पाच ते आठ सगळी दारं-खिडक्या उघडा, नऊला बंद करा, चौकावर कापडी आच्छादन ओढा. मे महिन्याच्या दुपारी एवढ्याने भागणार नाही, हे मान्य. पण मग दोनच खोल्यांना एसी पुरतो. त्याचं बाहेरचं यंत्र मागच्या बाजूला, आणि त्यातून ठिबकणारं पाणी नळीने थेट मोरीपर्यंत न्या. चार महिने रोज भिंतीत ठिबकणारा एसी एका पावसाळ्याइतकं नुकसान करतो. भिंतीला टेकलेला कूलरही तसाच.

उंबरा उंच असतो. चाकाच्या खुर्चीवरून येणारा माणूस, गुडघे दुखणारी आजी, यांनाही आपल्या ऑफिसात यायचं असतं. दिंडी दरवाजाला धक्का न लावता सुटा लाकडी उतार करता येतो, गरजेप्रमाणे लावायचा-काढायचा. माझ्याकडे तो आहे आणि रोज लागतो.

आठवी पायरी: माणसं आणि वेळ

दगडाचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी वडार समाजातली मंडळी सोलापुरात आहेत. साइटवर मराठी, तेलुगू, कन्नड एकत्र चालते. त्यांना ठेकेदाराचे मजूर समजून वागवलंत तर काम मिळेल, कसब मिळणार नाही. भिंत उतरवण्याआधी त्यांना विचारा, ‘दादा, ही कशी रचली असेल?’ अर्ध्या वेळा उत्तर नकाशापेक्षा बरोबर असतं. ठोक दराने लाकूड-चुन्याचं काम देऊ नका, रोजावर द्या. हातातल्या खर्चाच्या अंदाजावर आणखी निदान चौथा हिस्सा बाजूला असू द्या, कारण माती उतरवल्यावर खाली काय दिसेल हे कुणालाही आधी कळत नाही.

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला जुन्या गावातून निघतात तेव्हा त्या दिवसांत वाळूची ट्रॉली गल्लीत येणार नाही आणि आणूही नये. कामगारही घरी असतात. माल आधी भरून ठेवा, रस्त्यावरचा राडारोडा काढून टाका, दारात रांगोळी घाला.

काम संपल्यावर एक वही करा. कुठे आरपार सळया घातल्या, कुठली तुळई जोडली, चुना कुठून आणला, वायर कुठून गेली, सगळं फोटोंसह. ती वही वाड्यातच ठेवा, पुढच्या दुरुस्तीला तुमच्यानंतरच्या माणसाला लागेल. आणि दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात एक सकाळ राखून ठेवा. खुरपं आणि बादली घेऊन माळवदावर जा. गवत मुळासकट काढा, पिंपळाचं रोप दोन पानांचं असतानाच उपटा, भेगा चुन्याने भरा. मग पन्हळीत बादलीभर पाणी ओता आणि खाली उभ्या असलेल्याला हाक मारून विचारा, भिंत सोडून पडतंय ना.